एक बाळ, एक ओळ

यादीदादांना हे नाव कुणी कौतुकानं दिलं नव्हतं. बाळंतपणाच्या आणि लहान बाळांच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे ते एकोणीस वर्षं बसत होते, आणि या एकोणीस वर्षांत त्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाचं पहिलं वाक्य एकच असे, "दादा, एक यादी काढून द्या ना." लसीकरणाच्या बाई येत, औषधांच्या स्टोअरवाला येई, वॉर्डातल्या सिस्टर येत. कुणाला कमी वजनाच्या बाळांची यादी हवी, कुणाला तपासणीला परत न आलेल्या आयांची. माहिती सगळी कॉम्प्युटरात होती, पण एकशे बेचाळीस टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, विखुरलेली, आणि त्या टेबलांची नावं अशी, की ठेवणाऱ्यालाही वर्षभरानं आठवू नयेत. एक साधी यादी काढायची तर सात टेबलं एकमेकांना जोडणारी दीड पानाची क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेतला प्रश्न, लिहावा लागे. ती लिहिता येणारा माणूस अख्ख्या इमारतीत एकच.

तुम्ही म्हणाल, वा, केवढा मान! कसला डोंबलाचा मान? यादी हातात पडली की लोक "थँक्यू" म्हणत, आणि तासाभरानं परत येऊन म्हणत, "अहो, यात फोन नंबर पण हवा होता." दादांचं जेवण थंड होई, चहा थंड होई, आणि डोकं तेवढं तापत राही.

शेवटी त्यांनी मनावर घेतलं. आठ महिने खपून त्यांनी एक डेटा मॉडेल बांधलं. म्हणजे काय, तर खाली एकशे बेचाळीस टेबलं काय धिंगाणा घालायचाय तो घालू देत, वर माणसाला दिसणार फक्त पाच शब्द : आई, बाळ, जन्म, तपासणी, फोन. हवा तो शब्द बोटानं ओढायचा, रिकाम्या चौकोनात सोडायचा, अट निवडायची. जोडाजोडी काय ती मॉडेल करणार. ज्याला क्वेरी हा शब्द धड उच्चारता येत नाही, त्यालाही उत्तर मिळणार.

यात सगळ्यात जास्त छळलं ते 'बाळ' या शब्दानं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं. कागदावर ते 'अमकीचं बाळ' असतं, बस. त्यात प्रसूती विभाग त्याची नोंद करी, लसवाले पुन्हा नव्यानं करत, डोळ्यांच्या विभागाला दोघांवरही विश्वास नसल्यामुळे ते तिसऱ्यांदा करत. एका जिवाच्या तीन-तीन ओळी. मग त्याच आईला तीनदा फोन जाई. एका बापानं तर फोनवर इतक्या शिव्या घातल्या होत्या, की फोन करणाऱ्या बाई दोन दिवस रजेवर गेल्या. तेव्हा दादांनी नियम केला, आईचा नोंदणी क्रमांक तोच आणि जन्मतारीख तीच असेल, तर ते बाळ एकच समजायचं. एखादीला दोन वर्षांनी दुसरं मूल झालं तर? त्याची तारीख वेगळी, म्हणून बाळही वेगळं. हे आपल्याला वेळेवर सुचलं याचा दादांना फार अभिमान वाटला होता. फळ्यावर त्यांनी लाल अक्षरात लिहिलं : 'एक बाळ, एक ओळ.'

तो फळा त्यांनी भरल्या सभेत दाखवला. प्रसूती विभागाच्या मुख्य डॉक्टर होत्या, वॉर्डाच्या सिस्टर होत्या, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई होत्या, नोंदणीचे दोन साहेब होते. त्या खोलीतल्या लोकांनी मिळून हजारो बाळं जगात आणली होती. सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं, माना डोलावल्या, बिस्किटं खाल्ली आणि कामाला गेले. कुणी म्हणजे कुणी अवाक्षर काढलं नाही.

मॉडेल सुरू झालं आणि दादांच्या दारातली गर्दी ओसरली. पहिल्या आठवड्यात त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी गरम चहा प्यायला. घरी त्यांनी बायकोला या पाच शब्दांचं पुराण इतक्यांदा ऐकवलं, की चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आपल्या स्वयंपाकघरात मीठ कुठे असतं, ते तुमच्या त्या मशीनला विचारा एकदा. वीस वर्षांत तुम्हाला सापडलेलं नाही."

सगळ्यांत मोठा चमत्कार घडला तो फोनकाकूंचा. शिव्या ऐकून रजेवर गेलेल्या त्या याच. वय सत्तावन्न, आवाज खणखणीत, आणि कॉम्प्युटरची धास्ती अशी, की चालू करायच्या आधी शेजारच्या टेबलावरून एखाद्याला उभं करून ठेवायच्या. त्यांचं काम होतं दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या आयांना फोन करून डोळ्यांच्या तपासणीला बोलवायचं. हे काम दिसतं तेवढं साधं नाही. अशा बाळाच्या डोळ्याचा आतला पडदा कच्चा असतो. काही बाळांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. बाळाला दुखत नाही, ते रडत नाही, नेहमीसारखं दूध पितं. जन्मानंतर चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी आत बघितलं आणि लागलं तर दोन-तीन दिवसांत लेझर दिलं, की नजर वाचते. नाही बघितलं, तर पडदा सुटतो आणि मग देवाचा बापही काही करू शकत नाही.

या काकू तिसऱ्या आठवड्यात स्वतः शब्द ओढायला लागल्या. सातव्या आठवड्यात त्या इतरांना शिकवायला लागल्या. "अगं, सोप्पं आहे. बाळ ओढ, तपासणी ओढ, 'बाकी' वर टिचकी मार. मला जमतं म्हणजे कुणालाही जमेल!" हे ऐकून जिन्यात दादा उगाच दोन मिनिटं रेंगाळले होते. एकोणीस वर्षांत आपल्या कामाचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता, हे खरं.

अकराव्या आठवड्यातल्या एका सकाळी काकू दादांच्या दारात आल्या.

"दादा, जरा खाली येता का? माझंच काहीतरी चुकतंय."

"काय झालं?"

"काल डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या मला. म्हणाल्या, आई एक वेळ घेऊन येते आणि हातात दोन बाळं असतात. जुळी असतील तर आधी सांगा, दोघांचा वेळ धरते. खरंच आहे की हो, पूर्वीच्या यादीत जुळं असलं की नाव दोनदा यायचं, मी शेजारी खूण करायचे. म्हणून म्हटलं, पुढच्या आठवड्यातली जुळी काढून ठेवू. आई ओढली, जन्मतारीख ओढली, बाळांची संख्या 'एकापेक्षा जास्त' केली."

"मग?"

"मग शून्य येतंय."

दादा हसले. "पुढच्या आठवड्यात नसतील जुळी."

"मलाही तेच वाटलं. मग मी सगळा महिना विचारला. मग वर्ष विचारलं." काकूंनी चष्मा वर केला. "आणि मग सुरुवातीपासूनचं सगळं विचारलं. एकोणीस वर्षांत आपल्याकडे एकही जुळं झालेलं नाही, असं म्हणतंय ते."

दादांच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थिजलं.

खरं तर काकूंच्या स्क्रीनपर्यंत जायचीही गरज नव्हती. दारातच, उभ्या उभ्या, त्यांना सगळं कळलं. आईचा क्रमांक तोच, जन्मतारीख तीच, तर बाळ एकच. त्यांचाच नियम, त्यांच्याच हातच्या लाल अक्षरातला. आठ महिने, एकशे बेचाळीस टेबलं, चाळीस चाचण्या, आणि एका बाईला एका दिवशी दोन मुलं होऊ शकतात हे आपल्या डोक्यात एकदाही आलं नाही? एकदाही? शाळेत त्यांच्या शेजारच्या बाकावर जुळे भाऊ बसत होते! माणूस इतका आंधळा कसा असू शकतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि 'आंधळा' या शब्दापाशी त्यांना काकूंची डोळ्यांच्या तपासणीची यादी आठवली.

"दादा, तुम्ही पांढरेफटक पडलात. पाणी देऊ?"

"काकू," ते म्हणाले, "दोनपैकी एका बाळाची तपासणी झाली, की मॉडेलच्या लेखी बाळाची तपासणी झाली. दुसरं बाळ 'बाकी' मध्ये येतच नाही."

काकू मटकन खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं. "अगं बाई गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि मग, फार हळू, "मी त्या यादीवरच फोन करते हो. अकरा आठवडे मी फक्त त्या यादीवर फोन करतेय."

दादांनी पाच शब्दांची ती गोंडस स्क्रीन बंद केली आणि खाली, जुन्या टेबलांत उतरले. प्रसूती विभागाच्या मूळ टेबलात प्रत्येक जन्माची वेळ होती, आणि दोन बाळं एका मिनिटाला जन्मत नाहीत. दीड पानाची क्वेरी त्यांनी लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा यादी आली : मॉडेल सुरू झाल्यापासून तपासणीची वेळ आलेली, दिवस भरण्याआधी झालेली जुळी, चौदा जोड्या. प्रत्येक जोडीसमोर डोळ्यांच्या विभागाच्या मूळ नोंदी लावून त्यांनी मोजायला सुरुवात केली. काकू शेजारी उभ्या राहून वाचत होत्या.

"दोन तपासण्या. दोन. दोन. हिच्या पण दोन. बघा, आया दोघांना बरोबरच आणतात. देव पावला. दोन. दोन..."

अकरा जोड्यांत दोन्ही बाळांचे डोळे बघितलेले होते. ते काही मॉडेलचं पुण्य नव्हतं. आयांना मोजता येत होतं, म्हणून.

तीन जोड्यांत तपासणी एकच होती.

डॉक्टरीणबाईंना सांगायला दादा स्वतः गेले. बाईंच्या जिभेला सगळं हॉस्पिटल टरकून असे, आणि जाताना दादांनी मनाची तयारी केली होती, की आज आपली सालटी निघणार. पण बाईंनी हातातला पेन टेबलावर ठेवला. तो घरंगळत खाली पडला तरी त्यांनी उचलला नाही.

"मी पण होते त्या सभेत," त्या म्हणाल्या. "मी रोज जुळी बघते. त्या फळ्याकडे बघून मी मान हलवली." मग एकदम उठल्या. "तीन कुठे आहेत?"

पहिलं बाळ दोन गल्ल्या सोडून राहत होतं. त्याची आई अर्ध्या तासात घेऊन आली. डोळे स्वच्छ होते. दुसरं तर अजून वरच्या वॉर्डातच काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरीणबाई लिफ्टची वाट न बघता जिना चढून गेल्या आणि वीस मिनिटांनी खाली आल्या. "थोडं आहे. आठवड्यानं परत बघते. वेळ आहे." काकूंनी भिंतीला डोकं टेकलं.

तिसऱ्या जोडीची गोष्ट कागदावरच इतकी स्पष्ट होती, की कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मुलगा आणि मुलगी. मुलगा वजनानं बरा, तिसऱ्या आठवड्यात घरी गेला, चौथ्या आठवड्यात तपासणीला आला, डोळे उत्तम. मुलगी अशक्त, ऑक्सिजनवर, साडेसहा आठवडे वॉर्डात. डॉक्टरीणबाई दर मंगळवारी त्या वॉर्डात फेरी मारत, हातात यादी घेऊन. यादी मॉडेलची. त्या यादीत ही मुलगी कधीच नव्हती, कारण तिच्या भावाचे डोळे बघून झाले होते. बाई त्या पेटीसमोरून तीनदा पुढे गेल्या होत्या.

मुलगी आता दहा आठवड्यांची होती.

काकूंनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. 'आपण डायल केलेला क्रमांक' हे वाक्य त्यांनी सात वेळा ऐकलं आणि आठव्यांदा रिसीव्हर आपटला. "पत्त्यावर माणूस पाठवू," त्या म्हणाल्या, आणि माणूस गेलाही. खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, नवऱ्याची बदली झालीय, बायको दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेलीय. माहेर कुठे? ते काही तिला ठाऊक नव्हतं.

दादांच्या मॉडेलमध्ये 'फोन' या शब्दाखाली एका आईचा एकच नंबर होता. दुसरा नंबर कशाला, असं त्यांनीच ठरवलं होतं. नोंदणीच्या टेबलात 'जवळचा नातेवाईक' असा एक रकाना होता खरा, पण निम्म्याहून जास्त रिकामा, उरलेल्यात काहीबाही लिहिलेलं. लोकांचा गोंधळ नको, म्हणून त्यांनी तो मॉडेलमधून वगळला होता. सोपं करायचं तर काहीतरी गाळावंच लागतं, असं ते तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाले होते. आता तो रकाना उघडताना त्यांनी ज्या देवाला वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती, त्याला मारली.

रकाना भरलेला होता. 'वडील, शिवणकाम', आणि पुढे नंबर.

काकूंनी स्पीकर चालू केला. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"हॅलो?"

"आजोबा, मी लेकीच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलातून बोलतेय. तुमच्या लेकीची जुळी आहेत ना? कशी आहेत दोघं?"

"एकदम मजेत! पोरगा तर डांबिस आहे, खिडकी उघडली की मान वळवतो, उजेडाकडे टकामका बघत बसतो." म्हाताऱ्याच्या आवाजात नातवंडांचं सुख ओसंडत होतं. "पोरगी शांत आहे. ती काही बघत-बिघत नाही अजून. आवाज दिला की हसते मात्र. लहानखुरी ना, होईल हळूहळू."

काकूंनी तोंडावर हात घेतला. मशीनपाशी बसलेला तो माणूस पलीकडून "हॅलो? हॅलो?" करत राहिला. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच पुढे होऊन सांगितलं, घाबरू नका, पण मुलीला लगेच इथे आणायचंय. गाडी आम्ही पाठवतो. कपडे, डबे काही घेत बसू नका. गाडी दारात आली की मुलीला घ्या आणि निघा.

माहेर नऊ तासांवर होतं. गाडी पोहोचून परत यायला दुसरा दिवस उजाडला. त्या मधल्या वेळात दादांनी काय केलं? मॉडेल बंद केलं, नियम बदलला, जन्माची वेळ जोडली, गाळलेला रकाना परत आणला, एकोणीस वर्षांतली सगळी जुळी मोजली. एकोणीस वर्षांत दोन हजार एकतीस जोड्या आणि बावीस तिळी होती. एवढी माणसं त्यांनी एका लाल ओळीनं पुसली होती आणि वर गरम चहा प्यायला होता. घरी त्यांनी बायकोनं वाढलेलं ताट बाजूला सारलं. ती जवळ बसून राहिली.

सकाळी अकराला गाडी आली. आईच्या खांद्याला मुलगा होता, आजोबांच्या हातात मुलगी. आई तिशीच्या आतली, प्रवासानं आणि भीतीनं चेहरा ओढलेला. डॉक्टरीणबाईंनी मुलीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर आई बसली, आजोबा कागदांवर सह्या करायला खालच्या मजल्यावर गेले. दादा समोरच्या भिंतीशी उभे होते. त्यांना तिथे थांबायचं काही काम नव्हतं, पण त्यांचे पाय निघत नव्हते.

पंचवीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या. त्यांनी मास्क खाली ओढला.

"उजव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटलाय," त्या आईला म्हणाल्या. बाईंना आडवळणानं बोलता येत नसे. "त्या डोळ्यानं तिला दिसणार नाही. डावा अजून हातात आहे. आत्ता, या तासात लेझर केलं तर तो राहील. मी लगेच सुरू करते. तुम्ही आत या, तिला भूल देईपर्यंत तुमचा आवाज जवळ असला तर ती शांत राहील."

आई जागची हललीच नाही. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. रडूही नाही, काही नाही, नुसती बघत राहिली, एखाद्यानं अनोळखी भाषेत काही सांगितल्यासारखी.

"पण मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मी विचारलं होतं. हिला घरी नेताना, खालच्या खिडकीवर. म्हटलं, मुलाचे डोळे बघितले, हिचे कधी बघणार? त्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, झालेत ताई, इथे झाल्याचं दिसतंय. मी परत विचारलं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. त्यावर लिहिलं होतं, झाली." तिचा आवाज चढला. "मला वाटलं वॉर्डात केली असेल. कॉम्प्युटरमध्ये कसं खोटं असेल?"

दादा भिंतीपासून पुढे झाले. ही आई त्यांना ओळखत नव्हती. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. निदान या बाईला तरी नाही.

"ताई, ती स्क्रीन मी बनवली होती," ते म्हणाले. "खिडकीवरच्या बाईंची चूक नाही. एका आईचं, एका तारखेचं बाळ एकच असणार, असं मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं. जुळी माझ्या लक्षातच आली नाहीत."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं.

"म्हणजे तुमच्याकडे माझं एकच बाळ होतं?"

"हो."

"कोणतं?"

या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं. जन्म मुलीचा होता, कारण ती चार मिनिटं आधीची. वजन मुलाचं, कारण ते नंतर भरलं गेलं. डोळे मुलाचे. ऑक्सिजन मुलीचा. मॉडेलनं दोघांचे तुकडे जोडून एक तिसरंच मूल तयार केलं होतं, जे कुठल्याच आईनं जन्माला घातलेलं नव्हतं, आणि त्या मुलाची प्रकृती उत्तम होती.

"दोघांचं मिळून एक," ते कसेबसे म्हणाले.

आईचा हात वर गेला. दादांना वाटलं ही आता मारणार, आणि मारलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण आतून मुलीचा रडण्याचा आवाज आला, बारीक, चिरका, आणि सिस्टरनं दार अर्धं उघडून हाक मारली, "आई, लवकर! बाळ एकटं घाबरतंय. दुसऱ्याला आत नाही आणता यायचं हं, कुणाकडे तरी द्या."

आईनं बाकाकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं. आजोबांचा पत्ता नव्हता. काकू त्यांना शोधायला खाली गेल्या होत्या, डॉक्टरीणबाई तयारीला आत. त्या बोळात तिच्याशिवाय एकच माणूस होता.

तिनं खांद्यावरचा मुलगा काढला आणि दादांच्या हातांत दिला. नीट दिला. मानेखाली त्यांचा हात सरकवून, डोकं त्यांच्या कोपरावर टेकवून.

"मी येईपर्यंत इथून हलायचं नाही," ती म्हणाली. शब्द एकही चुकला नाही. "मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"नाही हलणार," दादा म्हणाले.

दार बंद झालं. मुलगा जागा होता. त्यानं आधी छतावरच्या दिव्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि दोन्ही डोळे दादांच्या तोंडावर रोखले. दादांना त्या डोळ्यांना डोळा देववेना. पण हातांत बाळ होतं, आणि हलायचं नाही असा शब्द दिलेला होता. ते तसेच उभे राहिले.